पास एका गाडीचा, प्रवास दुसऱ्या गाडीने

नागपुरात रामदासपेठ म्हणून वस्ती आहे. तिथे दवाखाने पुष्कळ. खेड्यातला दुखणेकरी माणूस नागपूरला आला की त्याचे पाय बहुधा रामदासपेठेकडे, नाही तर शेजारच्या धंतोलीकडे वळतात. पण तिथे रोज येणारी मंडळी निराळी. कुणी दवाखान्यात आया आहे. कुणी झाडलोट करते. कुणी औषधाच्या दुकानात कामाला आहे, तर कुणी चहाच्या टपरीवर. यांतली काही माणसे आसपासच्या गावांहून रेल्वेने येतात. वर्ध्याच्या बाजूने पाहिले तर सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी, गुमगाव, खापरी, अजनी अशी स्टेशने लागतात आणि मग नागपूर येते. रोज तिकीट काढणे परवडत नाही, म्हणून ही मंडळी महिन्याचा पास काढतात.

समजा, बुटीबोरीची एक बाई आहे. तिला आपण मावशी म्हणू. मावशी रामदासपेठेत एका दवाखान्यात आया आहे. एका रविवारी सकाळी ती स्टेशनावर गेली. पाहते तो काय, लोक परत फिरत आहेत. "आज गाडी नाही. लाइनीवर काम चालू आहे." आता काय करावे? कामावर गेली नाही तर रोज बुडतो. तेवढ्यात गावातलाच एक मुलगा म्हणाला, "मावशी, ऑटोनं खापरीले जा. तिथून इमानतळावरून जाणारी मेट्रो भेटते. पास हाये ना तुमच्याजवळ? तोच दाखवजा."

मुलाने सल्ला चांगल्या मनाने दिला. पण तो अर्धाच बरोबर आहे. कोणता अर्धा बरोबर आणि कोणता चूक, ते आज पाहू.

आधी हे समजून घेऊ, की गाडी बंद का ठेवतात? पुष्कळांना वाटते, रेल्वेवाले मुद्दाम रविवार पाहून त्रास देतात. तसे नाही. नागपूर ते सेवाग्राम या रुळांवर फार गर्दी आहे. मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गाड्या इथून जातात आणि दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्याही इथूनच जातात. दोन मोठे रस्ते एका गल्लीतून जावेत तसे हे आहे. त्यात मालगाड्या आहेतच. म्हणून इथे तिसरी आणि चौथी लाइन टाकण्याचे काम हाती घेतलेले आहे. शिवाय जुन्या रुळांची डागडुजी कधीच संपत नाही. रूळ झिजतात. खडी दबते. वरची विजेची तार ओढून घट्ट करावी लागते. रुळावर माणसे वाकून काम करीत असताना गाडी आली तर? म्हणून काही तास त्या रुळावर एकही गाडी सोडत नाहीत. तारेतली वीजही गरज पडली तर बंद करतात. यालाच 'ब्लॉक' म्हणतात. रविवारी कचेऱ्या बंद असतात, गर्दी कमी असते, म्हणून रविवार निवडतात. दवाखान्याला रविवार नसतो, ही गोष्ट मात्र मावशीलाच भोगावी लागते.

कधी कधी काम काही तासांचे नसते. चार दिवस, आठ दिवसही चालते. त्याचे कारण असे. स्टेशनात शिरताना रूळ फुटतात, एकाचे दोन होतात. गाडी डावीकडे न्यायची की उजवीकडे, हे तिथे ठरते. त्या जागेला सांधा म्हणतात. सांधे आणि सिग्नल एकमेकांना कुलपासारखे जोडलेले असतात. सांधा एका बाजूला वळलेला असला तर दुसऱ्या बाजूचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. त्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. नवी लाइन जोडायची म्हणजे हे कुलूप काही दिवस काढून ठेवावे लागते आणि पुन्हा नव्याने बसवावे लागते. तोवर सगळी कामे माणसांनी हाताने आणि डोळ्यात तेल घालून करायची. अशा दिवसांत गाड्या कमीच सोडतात. स्टेशनाच्या पाटीवर 'नॉन-इंटरलॉकिंग' असा अवघड शब्द दिसला तर तो याच कामाचा समजावा.

आता पासाकडे वळू. मावशीने आपला पास काढून नीट वाचावा. त्यावर दोन स्टेशनांची नावे आहेत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते आहे. वर्ग लिहिला आहे. पासाबरोबर ओळखपत्रही ठेवावे लागते. म्हणजे पास हा एक परवाना आहे. या माणसाने, या दोन स्टेशनांच्या मध्ये, या तारखांपर्यंत, रेल्वेच्या साध्या डब्यातून जावे, एवढाच तो परवाना. त्यात 'नागपूरला कसेही जा' असे कुठेही लिहिलेले नाही.

मेट्रो ही रेल्वेसारखी दिसते. तीही रुळावरून धावते. पण तिचा कारभार निराळा आहे. रेल्वे भारत सरकारची. नागपूरची मेट्रो महामेट्रो नावाच्या कंपनीची. ती केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांनी मिळून काढली आहे. मेट्रोची पहिली गाडी २०१९ च्या मार्च महिन्यात खापरी ते सीताबर्डी अशी सुरू झाली. पुढे ११ डिसेंबर २०२२ ला पहिल्या टप्प्याचा बाकी भागही सुरू झाला. खापरीहून निघालेली मेट्रो न्यू एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि एअरपोर्ट अशी तीन स्टेशने घेत वर्धा रोडने बर्डीला येते. म्हणून गावाकडे तिला कुणी कुणी विमानतळाची गाडी म्हणतात. मुलाचे म्हणणे इथवर बरोबर. खापरीला रेल्वेचे स्टेशन आहे आणि मेट्रोचेही आहे. मेट्रोने येऊन राहाटे कॉलनीला उतरले तर रामदासपेठ फार दूर नाही. नाही तर बर्डीला गाडी बदलावी आणि झाशी राणी चौकात उतरावे.

पण मेट्रोत शिरताना फाटक असते. ते यंत्राचे आहे. तिकीट किंवा कार्ड दाखवले तरच ते उघडते. रेल्वेचा पास त्याला कळतच नाही. मावशी तिथे थांबली तर मागचे लोक खोळंबतात, आणि चारचौघांत लाजल्यासारखे होते. तिने मुकाट्याने खिडकीवर जाऊन तिकीट काढावे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तेवढे पैसे जवळ असले पाहिजेत. पास आहे म्हणून पदराला एक रुपयाही न बांधता निघणाऱ्या बाया असतात. अशा दिवशी त्यांची पंचाईत होते.

मेट्रोचे कार्डही मिळते, महाकार्ड. पण कार्ड आणि पास यांत फरक आहे. कार्ड म्हणजे बटवा. त्यात पैसे भरायचे, आणि जेवढा प्रवास केला तेवढे त्यातून कापले जातात. बटवा रिकामा झाला की फाटक उघडत नाही. शहरातल्या 'आपली बस'चा पास आणखी निराळा. एसटीचा पास त्याहून निराळा. एक घर, चार चुली, असा हा संसार आहे.

मग पास दुसऱ्या गाडीवर कधीच चालत नाही का? चालतो. पण तसे जाहीर झाले तरच. मुंबईचे उदाहरण पाहा. तिथे लोकल गाड्यांवर रविवारी मोठा ब्लॉक घेतात. त्याला मेगाब्लॉक म्हणतात. हार्बर लाइन बंद असली की मध्य रेल्वे आधीच कळवते, की हार्बरच्या प्रवाशांना सकाळी अमुक वाजल्यापासून संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत मेन लाइनने आणि पश्चिम रेल्वेने जाता येईल. त्या वेळात हार्बरचा पासवाला दादर मार्गे गेला तरी टीसी त्याला अडवत नाही. वेळ संपली की सवलतही संपली. हे कसे जमते? हार्बर, मेन आणि पश्चिम या तिन्ही लाइनी शेवटी एकाच भारतीय रेल्वेच्या आहेत. घरातल्या घरात उसनवारी करण्यासारखे आहे ते. त्याच मुंबईत विमानतळाखालून जाणारी नवी मेट्रो आहे. ती २०२४ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यावर लोकलचा पास चालत नाही. कारभार वेगळा ना!

लंडन शहरातही असेच आहे. तिथल्या हीथ्रो विमानतळाला तीन प्रकारच्या गाड्या जातात. शहराचा पास त्यांतल्या दोहोंवर चालतो. तिसरी जलद गाडी आहे, तिच्यावर तो चालत नाही. एखादी लाइन कामासाठी बंद झाली की कुठले तिकीट कुठल्या गाडीवर धरले जाईल, हे तिथेही आधी जाहीर करतात.

आणि विमानतळाच्या गाडीलाच काम निघाले तर? दिल्लीत तसे घडले. तिथली विमानतळाची मेट्रो २०११ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तेव्हा ती एक खाजगी कंपनी चालवत होती. पुलावरच्या रुळांखाली जे आधार असतात, त्यांत दोष सापडले. २०१२ च्या जुलैत गाडी बंद केली, ती पुन्हा सुरू झाली २०१३ च्या जानेवारीत. सहा महिने! सुरू झाली तेव्हाही तासाला ५० किलोमीटरच्या वर पळवायची नाही, अशी अट होती. लोकांनी तोवर दुसरी वाहने धरली. आपल्याकडची इतवारी ते नागभीड ही छोटी गाडी आठवा. उमरेड, भिवापूरकडच्या लोकांची ती गाडी. मोठे रूळ टाकण्यासाठी ती २०१९ च्या नोव्हेंबरात बंद केली. अशा वेळी नवा पास काढण्यात अर्थ नसतो. म्हणून आम्ही सांगतो, आपल्या लाइनीवर मोठे काम निघणार असे कानावर आले तर तीन महिन्यांचा पास घाईने काढू नये. तो थोडा स्वस्त पडतो हे खरे. पण मधले दिवस गाडी नव्हती म्हणून त्यांचे पैसे परत मिळतील, असे धरून चालू नये.

आता खरा धोका सांगतो. मेट्रोच्या फाटकावर मावशीला फक्त थांबावे लागले. दंड झाला नाही. दंड होतो तो दुसरीकडे. साधी गाडी रद्द झाली, मागून एक्सप्रेस आली आणि लोक मिळेल त्या डब्यात शिरले, असे पुष्कळदा होते. "आमची गाडी तुम्हीच रद्द केली, मग आम्ही जायचे कसे?" असे टीसीला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आरक्षणाच्या डब्यात पास चालत नाही. काही एक्सप्रेस गाड्यांत पासवाल्यांना बसू देतात, काहींत देत नाहीत. सुपरफास्ट गाडीला जादा आकार पडतो. १९८९ च्या रेल्वे कायद्यात असे आहे, की योग्य तिकीट नसेल तर भाडे घ्यावे, आणि वर दंड म्हणून तेवढीच रक्कम घ्यावी. ती २५० रुपयांपेक्षा कमी भरत असेल तर २५० रुपये घ्यावेत. बुटीबोरी ते नागपूर एवढ्याशा प्रवासाला भाडे कितीसे! पण दंड २५० चाच. मावशीची दिवसाची मेहनत बहुतेक त्यातच जाईल.

म्हणून गाडीत चढण्याआधी विचारावे. तिकीटखिडकीवर विचारावे, "आजच्या दिवस पास दुसऱ्या कोणत्या गाडीला चालेल?" स्टेशन मास्तरांना विचारले तरी चालते. १३९ या नंबरावर फोन करून गाडी आहे की नाही, ते कळते. डब्यातल्या शेजाऱ्याने "चालते हो" म्हटले म्हणजे चालते असे नव्हे. दंड शेजारी भरत नाही.

पाटीही वाचावी. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. कामाच्या दिवसांत स्टेशनावर कागद लावतात, वर्तमानपत्रातही येते. त्यात 'रद्द' असे असले तर ती गाडी त्या दिवशी नाहीच. 'अंशतः रद्द' म्हणजे गाडी आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंत. नागपूरची गाडी अजनीपर्यंतच येईल, असे लिहिलेले असू शकते. 'मार्गात बदल' म्हणजे गाडी दुसऱ्या वाटेने जाईल, आणि कदाचित तुमच्या स्टेशनाला येणारच नाही. तारीख नीट पाहावी. वेळही पाहावी. सकाळी जाताना गाडी असते आणि संध्याकाळी परतताना नसते, असे बायाबापड्यांचे फार हाल होतात.

आम्हाला विचाराल तर नागपुरातही मुंबईसारखी सोय व्हावी. ब्लॉकच्या दिवशी रेल्वेचा पास दाखवून खापरी ते बर्डी मेट्रोने जाऊ द्यावे, आणि त्याचा हिशेब दोन्ही कारभाऱ्यांनी आपसात करावा. खुद्द बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत मेट्रो नेण्याला केंद्र सरकारने २०२२ साली मंजुरी दिली आहे. मग तर रूळ दोन आणि गाव एकच, असे होईल. तेव्हा ही मागणी करायला हरकत नाही. चार गावच्या पासवाल्यांनी मिळून अर्ज लिहावा आणि स्टेशन मास्तरांकडे द्यावा. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि तिच्यावर पोचल्याचा शिक्का घ्यावा.

तोवर मावशीसाठी एक वाट आहे. महाराष्ट्र सरकारने १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीचे तिकीट अर्ध्या पैशात केले आहे. त्यासाठी पास लागत नाही. पंचाहत्तर वर्षे पुरी झालेल्यांना तर तिकीटच पडत नाही. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड दाखवावे. बुटीबोरीहून वर्धा रोडने एसटी नागपूरला येते. रेल्वे बंद असली की तिला गर्दी होणारच. म्हणून अशा दिवशी मावशीने घरून तासभर आधी निघावे, आणि दवाखान्यात आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की उद्या लाइनीवर काम आहे, पोचायला थोडा उशीर होईल.