पहिला तास आणि दहावा दिवस

पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीवर जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार चावतो. दंश फारसा दुखत नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते, आणि मग श्वासच थकतो. नसरापूरमार्गे पुण्यास नेईपर्यंत तो श्वास चालू राखणे, हे तातडीच्या वैद्यकाचे काम. परंतु एकदा आलेला लुळेपणा प्रतिविष देताच ओसरत नाही. रोग्यास कित्येक दिवस श्वासयंत्रावर सांभाळावे लागते. ते काम अतिदक्षता विभागाचे.

पहिल्या तासाच्या वैद्याने दहाव्या दिवसाचीही विद्या शिकावी काय? तातडीचे वैद्यक ही पदव्युत्तर शाखा आपल्याकडे २००९ साली मान्य झाली. तोवर अतिदक्षतेकडे वळत ते बहुधा भूलतज्ज्ञ किंवा कायचिकित्सक. आता तातडीचा एम. डी. झालेल्यासही ते दार उघडे आहे. नीट-एसएस परीक्षा देऊन तीन वर्षांची डी. एम. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी करता येते. नाहीतर १९९३ साली स्थापन झालेल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेची एक वर्षाची पदविका घेता येते.

एम. बी. बी. एस.ची साडेपाच वर्षे, एम. डी.ची तीन आणि वर ही तीन! घरी म्हातारे आईबाप असलेला मुलगा पदविकेकडे झुकला तर त्यास आळशी म्हणू नये. मात्र प्राध्यापकी करावयाची असेल, तर लांबची वाट धरावी हे बरे.

आमच्या मते, वर्षांपेक्षा आपल्यात उणे काय ते आधी पाहावे. तातडीच्या वैद्याचा हात श्वासनलिकेत नळी घालण्यात तयार असतो. यंत्रावरून रोग्यास हळूहळू उतरविणे, त्याचे पोषण, आणि उपचार कोठे थांबवावेत हे नातेवाइकांशी बोलणे, यांत तो कच्चा असतो. तेव्हा जेथे एकाच रोग्यामागे आठवडाभर राहावे लागते, असा विभाग निवडावा. नामांकित इमारत पाहून निवडणारे पुष्कळ असतात.

भोरहून वरंध घाट उतरले की महाड. तेथील डॉ. हिंमतराव बावस्कर पुण्यास एम. डी. झाले, परत कोकणात गेले, आणि विंचूदंशावर प्राझोसिनचा गुण त्यांनी जगास दाखविला. भोर-वेल्ह्यातील मुलगा एवढे शिकून परत येईल काय, हे त्याच्या मनावर जितके अवलंबून, तितकेच येथे श्वासयंत्र, प्राणवायू आणि रात्रपाळीस शिकलेल्या परिचारिका आहेत की नाहीत, यावर अवलंबून आहे.