सायकलवाला रस्त्याचे पैसे भरतो का?

संध्याकाळची वेळ होती. बुटीबोरीच्या चौकात कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती. कंपन्यांच्या बसगाड्या, मालाने भरलेले ट्रक, मोटारसायकली, आणि या सगळ्यांच्या कडेकडेने सायकली. हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला एक प्रौढ कामगार वळण घेत होता. मागच्या मोटारीने जोरात हॉर्न दिला. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "रोड टॅक्स भरतो का रे तू? मग मधातून काऊन चालवतो?" सायकलवाला खाली उतरला, सायकल कडेला घेतली आणि म्हणाला, "साहेब, टॅक्स तं आमीबी भरतो नं." मोटार निघून गेली. मी चहाच्या टपरीवर उभा होतो. या दोघांत खरे कोणाचे, हा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

आधी कायदा पाहू. आपण ज्याला रोड टॅक्स म्हणतो, त्याचे खरे नाव मोटार वाहन कर. तो आपल्या राज्यात 1958 च्या कायद्याने घेतला जातो. सायकलला इंजिन नाही, म्हणून ती मोटार वाहन नाही. तिला नोंदणी नाही, परवाना नाही आणि हा करही नाही. म्हणजे मोटारवाल्याचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर. पण हा कर राज्याच्या तिजोरीत जमा होतो. त्यातून रस्ते होतात, तसेच पगार, दवाखाने आणि शाळाही चालतात. तो भरला म्हणून रस्त्याचा तुकडा कोणाच्या नावावर होत नाही.

सायकलवर कर कधीच नव्हता असेही नाही. राज्यघटनेतील राज्यसूचीच्या 57 व्या नोंदीत रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरील कराचा अधिकार राज्यांना दिला आहे, मग ती यंत्राने चालणारी असोत वा नसोत. पुण्यासारख्या शहरात सायकलीसाठी पालिकेचा कर भरावा लागे आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला मिळे. वडीलधाऱ्यांना तो बिल्ला अजून आठवत असेल. पुढे तो कर मागे पडला.

मग रस्त्याला पैसा येतो कुठून? याची सुरुवात एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे. 1927 साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो रस्त्यांसाठी राखून ठेवावा, अशी तिची शिफारस होती. त्यानुसार 1929 मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पुढे डिसेंबर 1943 मध्ये देशातले मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही जी वर्गवारी आज आपण वापरतो, ती त्या 'नागपूर योजने'तली आहे. रस्ते निधीला 2000 साली नवा कायदा मिळाला. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून तो भरतो आणि महामार्गांपासून खेड्यांच्या रस्त्यांपर्यंत वाटला जातो.

आता तो डबेवाला कामगार पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तो पेट्रोल भरत नाही. पण त्याच्या घरची तूरडाळ, तेल आणि साबण ट्रकनेच येतात. ट्रकवाल्याने भरलेला डिझेलवरचा कर आणि नाक्यावरचा टोल भाड्यात मिळतो, भाडे मालाच्या किमतीत मिळते, आणि ती किंमत तो किराणा दुकानात मोजतो. बुटीबोरीतल्या गल्लीबोळांचा खर्च नगरपरिषदेकडे असतो. तिला घरपट्टी आणि सरकारी अनुदान लागते. तो भाड्याने राहत असला तरी घरमालकाची घरपट्टी भाड्यात धरलेलीच असते. खुद्द सायकलवरही जीएसटी आहे. 2017 पासून तो 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. तेव्हा "आमीबी भरतो" हे खोटे नाही. मोटारवाल्यापेक्षा तो कमी भरतो, हेही तितकेच खरे.

पण कमी भरणारा रस्ता किती झिजवतो, हेही पाहायला हवे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. त्यातून एक ढोबळ नियम निघाला. आसावरचे, म्हणजे अॅक्सलवरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. आपल्याकडे डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना 8160 किलोचा आस प्रमाण धरतात. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरले, तर एका आसावर पन्नास किलो येतात. या नियमाने हिशेब केला तर त्या प्रमाण आसाची एक फेरी सायकलच्या आसाच्या सुमारे सत्तर कोटी फेऱ्यांइतकी भरते. आकड्याला फार चिकटू नका. अर्थ एवढाच की सायकलने रस्ता झिजतच नाही म्हटले तरी चालेल.

मोटारीचे काय? तिच्या आसावर पाचशे-सहाशे किलो येतात. सायकलच्या मानाने झीज दहा हजार पटींहून अधिक, पण ट्रकपुढे तीही नगण्यच. मोटारीचा खर्च झिजेत नाही, जागेत आहे. जादा मार्गिका, उड्डाणपूल, वाहनतळ हे सगळे गाड्यांच्या गर्दीसाठी लागते. एका मोटारीच्या जागेत कितीतरी सायकली मावतात.

आणि शेवटी, भरलेल्या पैशावरच हक्क ठरवायचा, तर मोटारसायकलस्वार राष्ट्रीय महामार्गावर टोल भरत नाही. त्याला आपण खाली उतर म्हणतो का? शाळेत पायी जाणारी मुलगी कोणता वाहनकर भरते? 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात रस्त्याच्या जागेचा विचार वाहनांऐवजी माणसांच्या दृष्टीने करा, असे सांगितले आहे. बुटीबोरीला एका बाजूने हैदराबादचा आणि दुसऱ्या बाजूने वर्ध्याचा रस्ता फुटतो. तिथे पाळी सुटताना ट्रक आणि सायकल एकाच पट्ट्यात येतात. त्या कामगाराला कराची पावती नको, कडेला दोन हात सपाट, उजेडाची जागा हवी. रस्त्याच्या एकूण खर्चात ती कितीशी पडणार?

त्या दिवशी त्याने सायकल कडेला घेतली, ती वाद जिंकला-हरला म्हणून नव्हे. मागून ट्रक येत होता आणि त्याला घरी पोचायचे होते.