आपल्या नगरपालिकेचं काय?

परवा भिशीला चहा होता होता ‘एक देश, एक निवडणूक’चा विषय निघाला. “बरं होईल बाई, एकदाच काय ते भोंगे वाजतील,” एक जण म्हणाली. खरंय, आचारसंहिता लागली की नवीन कामं अडून बसतात. पण दुसरीने हळूच विचारलं, “आणि आपली नगरपालिका?” कुणालाच सांगता येईना. मग घरी येऊन मी जरा वाचून काढलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सदस्य होते अमित शहा, गुलाम नबी आझाद, एन. के. सिंह, सुभाष कश्यप, संजय कोठारी आणि आपल्या नागपूरचे हरीश साळवे. मैत्रिणींनो, नावं पुन्हा एकदा वाचा. एक तरी बाई सापडली? मार्च २०२४ मध्ये १८,६२६ पानांचा अहवाल तयार झाला आणि तो स्वीकारला मात्र एका बाईने, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी!

समितीने सुचवलं ते असं, की आधी लोकसभा आणि विधानसभा एकत्र, मग १०० दिवसांच्या आत नगरपालिका-पंचायती. पण डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत विधेयक आलं, त्यात हा दुसरा भाग नव्हताच. त्यासाठी निम्म्या राज्यांची संमती लागते, असं समितीनेच म्हटलं होतं.

आपल्याला हे झोंबायला हवं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. पण कितीतरी नगरपालिकांची मुदत संपल्यावर तिथे काही वर्षं प्रशासकच बसले होते, निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करायला हक्काची नगरसेविकाच नव्हती!

विधेयक मांडायचं की नाही यावरच मतदान झालं, बाजूने २६९ आणि विरोधात १९८. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत, म्हणजे एवढी मतं पुरणारी नाहीत. विधेयक मग ३९ खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. इथे मात्र सुप्रिया सुळे, प्रियांका गांधी, बांसुरी स्वराज अशा बायका आहेत. समितीने माजी सरन्यायाधीशांनाही बोलावून घेतलं. एखाद्या राज्याची निवडणूक इतरांबरोबर घेता येणार नाही, असं निवडणूक आयोग राष्ट्रपतींना कळवू शकेल, हा अधिकार जास्त तर होत नाही ना, यावर बराच खल झाला. आणखी एक कलम आहे. विधानसभा मध्येच बरखास्त झाली, तर नवी येईल ती फक्त उरलेल्या मुदतीपुरती. म्हणजे घरदार सांभाळून, जीव काढून निवडून आलेल्या आमदारबाईंच्या हाती कदाचित दोनच वर्षं.

मे २०२५ मध्ये ही समिती मुंबईला येऊन गेली. नगरपालिकेचा प्रश्न विधेयकातच नाही, असं मी त्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती हसली. म्हणाली, “म्हणजे नेहमीसारखंच, आपलं ताट शेवटी!”