मद्य आणि अवधान

मद्य हे उत्तेजक पेय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा होय. मद्यार्क मज्जासंस्थेचे कार्य मंद करतो. मात्र प्रथम मंदावतो तो संयम. पाय लटपटू लागतात ते नंतर. म्हणूनच पिणाऱ्यास हुशारी आल्याचा भास होतो.

आपल्या देशातील नशांमध्ये मद्याचाच प्रसार सर्वांत अधिक आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी.

स्टील आणि जोसेफ्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली असे प्रतिपादन केले की, मद्याच्या अंमलाखाली मनुष्याचे अवधान आकुंचित होते. समोरची मोहक गोष्ट तेवढी दिसते. दूरचा परिणाम दृष्टीआड होतो. एड्सविषयीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर लिहिणारा विद्यार्थीही ऐन वेळी निरोध विसरतो, तो अज्ञानामुळे नव्हे. त्याला केवळ उपदेश करून काय साधणार? सोबत काय बाळगावे, किती प्यावे, कोणाबरोबर परतावे, हे शुद्धीवर असतानाच ठरले पाहिजे. शिवाय, नशेमुळे जिला आपण कशास होकार देत आहो हेच कळत नाही, अशा स्त्रीचा होकार भारतीय कायदा संमती मानीत नाही.

धोका घडून गेला, तर वेळ मोलाची ठरते. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळीही लवकर घेतल्यास अधिक परिणामकारक ठरते. रोगापासून मात्र ती संरक्षण देत नाही.

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या विद्यार्थ्यास सफदरजंग रुग्णालय आणि उपरोक्त संस्था चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. परंतु सरकारी नोकरांच्या या वसाहतीत ओळखीचे डोळे पुष्कळ. रुग्णालयाच्या दारात वडिलांचे सहकारी भेटतील, या धास्तीने ७२ तास पाहता पाहता सरतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते अशाच लज्जेविरुद्ध. ती अद्याप पुरती हटलेली नाही. वस्तुतः २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्हीची चाचणी संमतीवाचून करता येत नाही व तिचा निष्कर्ष गुप्त राखावा लागतो. दवाखान्यात जाण्यापूर्वी १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर विचारपूसही करता येते.