एक अक्षर इकडचे तिकडे
आमच्या द्रोणागिरीवरून न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर रात्रंदिवस धावतात. त्यांतला नकली माल कस्टमवाले २००७ च्या नियमांनुसार अडवतात. पण सगळाच कुठला सापडायला! गेल्या वर्षी मी मोबाइलवरून इस्त्री मागवली. नामांकित कंपनीच्या नावातले एकच अक्षर बदललेले, अन् मी एम. ए. झालेला माणूस फसलो! अनोळखी नाव म्हणजे खोटेच, असे मात्र नव्हे. २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याचा पत्ता आणि मालाचा मूळ देश संकेतस्थळावर दिसलाच पाहिजे. न दिसल्यास थांबावे. इस्त्रीवर आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो पडताळता येतो. माझ्या इस्त्रीवर चिन्ह होते, क्रमांक नव्हता.