ऐरणीवरची पहिली सुरी

चाकणच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर दोन्ही बाजूंचे कारखाने तुम्ही पाहिलेच असतील. मोटारी, फटफट्या, त्यांचे सुटे भाग, सारे तिथे होते. पुण्याजवळ मुंढव्याला भारत फोर्ज नावाचा कारखाना आहे. ही कंपनी १९६१ साली निघाली. तिथे लोखंड लाल करून यंत्राच्या घणाखाली ठोकतात आणि त्यातून मोटारींचे भाग घडतात. घण केवढा, तर घराएवढा! पण मूळ काम कोणते? लोखंड तापवायचे आणि नरम आहे तोवर ठोकायचे. आपल्या गावचा लोहार हेच करीत आला.

पूर्वी गावगाड्यात लोहार हा बलुतेदार असे. फाळ शेवटणे, विळ्याला धार काढणे, गाडीच्या चाकाला धाव चढवणे ही त्याची कामे. त्याबद्दल सुगीला त्याला धान्य मिळे. घिसाडी लोक बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरत. त्यांच्यात नवरा सांडशीने लोखंड धरी आणि बायको घण मारी. आजही रस्त्याच्या कडेला त्यांची पाले कधीमधी दिसतात. दोन हातोड्यांचा ताल चुकत नाही. थांबून पाहावे असे काम आहे ते.

आता ट्रॅक्टर आला, विळा दुकानात तयार मिळतो. लोहाराची पोरे कारखान्यात गेली. उलट कारखान्यातली काही माणसे मात्र सुट्टीच्या दिवशी हौसेने हे काम शिकू पाहतात. दिवसभर बटण दाबणाऱ्या माणसाला आपल्या हाताने एक वस्तू पुरी करावीशी वाटते. त्यात नवल काय? लोहारकी लोहारानेच करावी, असे बंधन आता राहिलेले नाही. तुम्हालाही वाटले, तर सुरुवात कशी करावी ते पाहू या.

आधी एखाद्या लोहाराकडे जा. चार रविवार नुसता भाता चालवा. हल्ली कातड्याच्या भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा असतो. शिकवणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. हौस आपली आहे, पोट त्याचे आहे.

भट्टी घरात पेटवू नका. कोळशाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच मारतो. म्हणून उघड्यावर किंवा मोकळ्या छपराखालीच काम करावे. अंगात सुती कपडे हवेत. नायलॉन कातडीला चिकटते. पायात बंद जोडा, डोळ्यांवर चष्मा. जवळ पाण्याची बादली आणि वाळूची घमेली. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळ भट्टीत टाकू नये, त्याच्या धुराने ताप भरतो. भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. शाई नको, दंतमंजन नको.

ऐरण महाग असते. पुष्कळ जण रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून वापरतात. पण सांभाळा. रेल्वेचा माल बेकायदा जवळ ठेवणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तुकडा पावतीसह मिळाला तरच घ्यावा. नाहीतर एखादा जाड, सपाट लोखंडी ठोकळाही चालतो.

भंगाराला ह्या भागात तोटा नाही. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामेच गोदामे होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामे पाडली. तरी भंगारवाले ठिकठिकाणी आहेतच. त्यांच्याकडे मालमोटारीचा जुना कमानपाटा मागा. सुरीला तो चांगला. का, ते पुढे येईल.

पण पहिल्याच दिवशी सुरी करायला बसू नका. आधी बांधकामाच्या सळईचा एक आकडा करा, कंदील टांगायला. सळई तापली की रंग पाहा. आधी काळपट लाल, मग लाल, मग केशरी, मग पिवळा. केशरी ते पिवळा असताना ठोकावे. काळपट लाल झाली की थांबावे आणि पुन्हा भट्टीत घालावी. थंड लोखंडावर हातोडा मारणे म्हणजे मनगट दुखवून घेणे. पांढरी होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या, तर लोखंड जळले. तो तुकडा फुकट गेला.

टोक काढताना नवा माणूस एकदम गोल करू पाहतो. मग टोक आतून चिरते. लोहार आधी चौकोनी टोक काढतो, मग कडा मारून आठ बाजू करतो, आणि शेवटी गोल करतो. दहा आकडे करा. दहावा चांगला होईल.

आता सुरी. लोखंड आणि पोलाद ह्यांत फरक कोळशाचा आहे. पोलादात कोळशाचा अंश असतो, शास्त्रात त्याला कार्बन म्हणतात. साध्या सळईत तो फार थोडा, म्हणून तिला धार टिकत नाही. कमानपाट्यात शंभर भागांत सुमारे अर्धा भाग कार्बन असतो. तेवढ्याने मोठा फरक पडतो. जुना पाटा मात्र बारकाईने पाहून घ्या. त्यात केसाएवढी चीर असली तरी पुढे पाते तिथेच तुटते.

पाट्याची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी लाल असताना छिन्नीने तोडा. एका टोकाला मुठीत जाणारे शेपूट काढा. मग एक बाजू ठोकून पातळ करा. इथे एक गंमत होते. धारेची बाजू ठोकली की ती लांबते, आणि पाते पाठीकडे वाकते. सरळ सुरी करायला जावे, तर तलवार होते! म्हणून जाणता लोहार पट्टी आधीच धारेकडे थोडी वाकवून घेतो. ठोकता ठोकता ती आपोआप सरळ होते.

घडून झाल्यावर पाते तीनदा लाल करून हवेत निवू द्या. शेवटच्या वेळी राखेत पुरून रात्रभर ठेवा. सकाळी ते नरम असते, कानस चालते. कानशीने आकार द्या, पण धार काढू नका. धारेची कड नाण्याएवढी जाड ठेवा.

आता खरी परीक्षा. लोहार हिला पाणी देणे म्हणतात. पाते सावलीत तापवा, उन्हात रंग कळत नाही. दोरीला चुंबक बांधून ठेवा. सुमारे ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो. चुंबकाने सोडले की आणखी थोडा रंग चढू द्या आणि पाते बुडवा. पाण्यात नव्हे, तेलात. नाव पाण्याचे असले तरी कमानपाटा पाण्यात बहुधा तडकतो. लोखंडी उभ्या डब्यात कोमट शेंगतेल घ्या. पाते टोकाकडून सरळ आत घाला, आडवे हलवू नका. तेलाने पेट घेतला तर वरून झाकण टाका. पाणी चुकूनही ओतू नका, भडका उडेल.

असे केल्याने पाते कडक का होते? बाजारच्या दिवशी एसटी आठवा. थांबा असला की माणसे चढतात, उतरतात, सरकतात. गाडी खच्चून भरली आणि दार एकदम लागले, की जो जिथे आहे तिथे अडकतो. तापल्यावर पोलादातला कार्बन असाच लोखंडात पसरतो. सावकाश निवले तर तो बाजूला होतो. एकदम निवले तर त्याला सरकायला वेळच मिळत नाही. कण असे अडकून बसले की पोलाद कडक बनते. कानस लावून पाहा. काचेवरून सरकावी तशी सरकेल.

पण ह्या वेळी पाते काचेसारखेच ठिसूळ असते. हातून पडले तर दोन तुकडे! महिन्याची मेहनत इथे अनेकांची वाया गेली आहे. म्हणून त्याच दिवशी कडकपणा थोडा उतरवावा. पाते दगडाने घासून चकचकीत करा. एक जाड ठोकळा लाल करून त्यावर पात्याची पाठ टेकवा. पाठीकडून रंग चढू लागतील. आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेवर गर्द पिवळा रंग पोचला की लगेच पाते पाण्यात घाला. धार निळी झाली तर फार नरम झाली, पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट कायद्याची. कोयते घेऊन दहशत घालण्याचे प्रकार पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे २०२२-२३ मध्ये फार गाजले. त्यामुळे पोलिसांची नजर हत्यारांवर असते. घरकाम किंवा शेतीसाठी नसलेल्या, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या हत्यारांच्या कायद्यात येतात. शिकणाऱ्याने स्वयंपाकघरातली सुरी, खुरपे, विळा एवढेच करावे. तलवारीची हौस नको. ओळख नसलेला कोणी कोयता करून मागू लागला, तर नाही म्हणावे.

मूठ बाभळीची करा. भोकात लाखेची पूड भरा, शेपूट गरम करून आत दाबा. लाख वितळते आणि निवल्यावर घट्ट धरते. मग दगडावर पाणी घालून सावकाश धार काढा. पहिला कांदा चाकणचाच चिरा. नंतर पाते पुसून त्याला तेलाचे बोट फिरवा. हे पोलाद गंजते, आणि ओल्या पात्याला पावसाळ्यात एक रात्र पुरते.