प्रवासी मोटारसायकलीचा पेहराव

ज्यानें उभें आयुष्य फळा आणि खडू यांच्या संगतींत काढलें, त्यानें मोटारसायकलीच्या पेहरावाविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आमच्या केंदूरसारख्या गांवीं आतां घोडा म्हणजे मोटारसायकलच. पहांटे चाकणच्या नि रांजणगांवच्या कारखान्यांकडे निघणारे तरुण बहुतेक माझेच जुने विद्यार्थी आहेत. चार पैसे गांठीं जमले, कीं हेच तरुण लडाखचे नाहींतर कन्याकुमारीचे बेत करूं लागतात; आणि मग गाडीला पुढें उंच कांच हवी, हातांना ढाली हव्यात, मागें पेट्या हव्यात. हौसेला माझा विरोध नाहीं. मींही तरुणपणीं सायकलीच्या चाकांना रंगीत गोंडे बांधले आहेत.

या विषयाकडे मला लक्ष द्यावें लागलें तें माझ्या पुतण्यामुळें. ‘सर्व गाड्यांना चालतें’ असें सांगून एका दुकानदारानें दिलेलें फायबरचें मोठें कवच त्यानें आणलें आणि घरींच बसविलें. गाडी नवरदेवासारखी दिसूं लागली. दुसऱ्या दिवशीं सूनबाईला मागें बसवून तो पाबळकडे निघाला. पेट्रोल भरण्यासाठीं हळूहळू गाडी आंत वळवितांना हँडल पुरतें डावीकडे गेलें, आणि मूठ पिळलेली नसतांही इंजिनानें एकाएकीं वेग घेतला. गाडी भिंतीवर आदळून पडली. पुतण्या खरचटण्यावर निभावला. सूनबाईच्या मनगटाचें हाड मात्र मोडलें. मागाहून पाहिलें तों कवचाच्या लोखंडी पट्टीखालीं ॲक्सिलरेटरची केबल दबलेली होती. हँडल वळलें कीं ती ताणली जाई. पट्टी बोटभर बाजूस असती, तर हें घडतेंना!

तेव्हां पहिली गोष्ट अशी, कीं ‘सर्व गाड्यांना चालणारी’ वस्तू कोणत्याच गाडीला नीट बसत नाहीं. गाडीचें नांव, नमुना आणि सन हीं तिन्ही सांगून वस्तू मागावी. एकाच नांवाच्या गाडीचे बोल्टाचे छेद दोन वर्षांनीं बदललेले असूं शकतात. चाकणच्या कारखान्याशीं निगडित उदाहरण द्यावयाचें, तर बजाज कंपनीनें २०२१ सालीं डॉमिनार ४०० या गाडीवर उंच कांच, हातरक्षक, इंजिनाखालचें संरक्षक पत्र, सामानाचा कॅरिअर आणि पाठीचा टेका हे भाग कारखान्यांतूनच बसवून द्यावयास आरंभ केला. अशा भागांसाठीं मूळ छेद वापरलेले असतात. नवें भोंक पाडावें लागत नाहीं. पुण्यास नाना पेठेंत सुट्या भागांचीं दुकानें आहेत. तेथें माल स्वस्त मिळतो, पण जुना भाग सोबत नेऊन ताडून पाहण्याचा आळस करूं नये.

आतां पदार्थांविषयीं. बाजारांत ज्यास सरसकट ‘फायबर’ म्हणतात, त्यांत दोन अगदीं भिन्न जाती आहेत. एक खरें कांचतंतूचें: सांच्यांत कांचेच्या तंतूंची चटई पसरून तीवर राळ ओततात व ती कडक होऊं देतात. हें ताठ असतें, फुटल्यास गांवांतही राळ लावून सांधतां येतें. पण बोल्टाच्या भोंवतीं लवकर तडकतें. दुसरें एबीएस नांवाचें प्लॅस्टिक: मूळ गाडीचीं झांकणें बहुधा याचींच असतात. हें थोडें लवतें, त्यामुळें खडबडीत रस्त्यावर टिकतें. भागाची आंतली बाजू पाहावी. तंतू दिसत असतील तर तें कांचतंतूचें. कांचेच्याही अशाच दोन जाती आहेत. ॲक्रिलिकला ओरखडे कमी पडतात, पण धक्का बसतांच तिचे टोकदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेटला ओरखडे पडतात, पण ती सहसा फुटत नाहीं. आमच्या खडी उडणाऱ्या रस्त्यांवर दुसरीच बरी. मात्र ती पेट्रोलच्या फडक्यानें पुसूं नये. पेट्रोलानें तींत बारीक चिरा पडतात. बोल्ट ढिले होऊं नयेत म्हणून आट्यांना जें औषध लावतात, तेंही या प्लॅस्टिकांना बाधतें. साबणाचें पाणी पुरे.

कांचेची उंची किती असावी? चालकानें तिच्या वरून पाहावें, तिच्यांतून नव्हे. वरची कड नाकाच्या सुमारास आली म्हणजे बहुधा वारा डोक्यावरून जातो. ती कड चुकीच्या उंचीवर आली, तर वाऱ्याचा भोंवरा नेमका शिरस्त्राणावर येऊन आदळतो, आणि कांच नसती तर बरें, असें वाटूं लागतें.

बसवितांना घाई करूं नये. आधीं सर्व बोल्ट हातानें सैल लावावे, भाग जागेवर येऊं द्यावा, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें आवळावे. एकच बाजू आधीं घट्ट केली, कीं दुसऱ्या बाजूचें भोंक जुळत नाहीं. मग आपण जोर लावतों, आणि भाग तेथेंच तडकतो. प्लॅस्टिक व बोल्ट यांमध्यें रबरी बुश आणि रुंद वायसर हवा. भोंक पाडणें भागच असेल, तर तें बोल्टाहून किंचित् मोठें असावें. तडा गेलाच, तर त्याच्या टोकाशीं बारीक गोल छिद्र पाडावें. तडा पुढें सरकत नाहीं.

लोखंडी पट्ट्यांचें वेल्डिंग गाडीवर कधींही करूं नये. पट्टी काढून बाजूस करावें. आमच्या शेजारीं पाबळला डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत मुलें असलीं कामें हातानें करीत शिकतात. आधीं माप, मग काम, ही संवय पुस्तकानें लागत नाहीं.

सर्व आवळून झालें म्हणजे गाडी मधल्या स्टँडवर अथवा दुसऱ्याच्या हातीं उभी करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावें. केबल ताणते काय, ब्रेकची नळी घांसते काय, मूठ टाकीला टेकते काय, तें पाहावें. मग इंजिन सुरू ठेवून तेंच पुन्हां करावें. आवाज चढतां कामा नये. आमच्या पुतण्यानें ही दोन मिनिटें दिलीं असतीं, तर! नंतर मागें दोन माणसें बसवून पेटीचा आधार चाकास लागतो काय तेंही पाहावें. पुढचें कवच रेडिएटरची हवा अडवीत नाहीं ना, याकडेही लक्ष असूं द्यावें.

मागच्या पेट्यांविषयीं आमच्या शेतकऱ्यांस अधिक सांगावयास नको. बैलगाडींत मागें पोतीं जास्त झालीं, तर गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. मोटारसायकलीचेंही तेंच. मागच्या धुरेच्या पलीकडे ओझें लादलें, कीं पुढचें चाक हलकें होतें व वेगांत हँडल थरथरूं लागतें. जड सामान खालीं व पुढें, दोन्ही बाजूंस सारखें. वरच्या पेटींत कपडेच बरे. २०२० सालच्या नियमांप्रमाणें अशा पेटीची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरांहून अधिक असूं नये. आणि ती मागच्या बैठकीवर ठेवल्यास दुसरें माणूस बसवितां येत नाहीं.

कायद्याचें थोडक्यांत. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं. कांच, पेटी हा निराळा मामला. चेसी कापणें निराळें. आणि कित्येक तरुण शोभेसाठीं मागच्या चाकावरची साडीची जाळी काढून टाकतात, हें मला मुळींच पटत नाहीं. ती १९८९ सालच्या नियमांत सांगितलेली आहे, आणि ती मागें बसणारीच्या जिवासाठीं आहे.

पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हां एकदां आवळावे. नवें रबर दबतें आणि पकड सैल होते. पुतण्यानें आतां बेताची कांच आणि दोन लहान पेट्या एवढेंच ठेवलें आहे. तें मोठें कवच सध्यां आमच्या गोठ्याशेजारीं कोंबड्यांच्या खुराड्याचें छप्पर झालें आहे, आणि पावसाळ्यांत तें गळलें नाहीं.